ढवळीची राखण

चहा खाली ठेवून ऐका. ठसका लागला तर मला बोल लावू नका. मी जिवंत असताना माझ्या तिरडीचे बांबू दारात आले होते. आणि ते यावेत अशी तजवीज मीच करून ठेवली होती.

आमची ढवळी गाय. मंडळींनी ती माहेराहून वासरू असताना आणलेली, म्हणून त्यांचा सगळा जीव तिच्यावर. दोनदा दवाखान्यात नेऊन भरवली, दोनदा उलटली, पुन्हा माजावर आली. मी पारावर चारचौघांत बोलून गेलो, "या खेपेला गाभण राह्यली न्हाई, तर गुरांच्या बाजारात इकून येतो." मंडळींनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला तरी कुठे विकायची होती? पण बोललेला शब्द मागे घ्यायची सवय नाही.

पुढे एका संध्याकाळी ढवळी माजावर येऊन पुन्हा हंबरू लागली. मी म्हणालो, परवा केदारखेड्याचा बाजार आहे, दवाखानाही तिथंच, एका खेपेत दोन्ही कामं होतील. मंडळी परवापर्यंत थांबल्या नाहीत. दुसऱ्याच सकाळी दावं आणून माझ्या हातात ठेवलं आणि समोर उभ्या राहिल्या. निघालो मुकाट.

डॉक्टर जवान पोरगा. काम उरकल्यावर मी विचारलं, "झालं का?"

"इतक्यात कसं होईल, तात्या? गर्भाशयाच्या पुढे दोन बारीक नळ्या असतात. बीज तिथं जाऊन भिंतीला चिकटून बसतं. नळीतल्या रसात प्रथिनं असतात, ती त्याला जगवतात, तयार करतात. मगच ते अंड्यात शिरतं."

"मंग किती येळ?"

"आजचा दिवस तरी धरा. गायीला निवांत ठेवा."

आता तुम्हीच सांगा. भिंतीला चिकटलेलं बीज. गायीनं अंग झाडलं तर सुटून पडायचं नाही का? घरी आल्याबरोबर राखण सुरू.

तिच्या गळ्यातली घंटा काढली. रेडिओ बंद केला. सगळ्यांना वहाणा काढायला लावल्या. जावई मोटारसायकलवर आला, त्याला वेशीपासून गाडी ढकलत आणायला लावली. चूल गोठ्याच्या भिंतीला लागून. धुरानं ढवळी खोकली तर? चूल पेटू दिली नाही. मी गोठ्यात तिच्या तोंडापुढे बसलो आणि उपरण्यानं माश्या वारू लागलो. तिनं नुसता कान हलवला तरी मी मान कुरवाळून तिला शांत करायचो.

बाहेरचा मला पत्ता नव्हता. घरातून धूर नाही, माणसं अनवाणी, मोठ्यानं कुणी बोलेना, जावई मान खाली घालून गाडी ढकलत आलेला. आणि म्हातारा सकाळपासून दिसलेला नाही. गावानं काय समजायचं?

दुपारी शेजारच्या गयाबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात, तशी. मागून भावकी. पुतण्यानं खांद्यावरचे बांबू ओट्यावर आदळले आणि गयाबाईंनी गळा काढला, "तात्या, असं कसं ओ गेलात..."

ढवळी दचकली आणि खुंटा उपटून निघाली.

मी उपरणं घेऊन मागे धावलो. "गप बसा," ओरडलो, "बीज सुटंल."

गयाबाई मला बघून मटकन खाली बसल्या. पुतण्या म्हणाला, "तात्या, तुम्ही तर गेल्ते ना?"

उत्तर द्यायला वेळ कुठे होता? पुढे ढवळी, तिच्यामागे मी, आणि माझ्यामागे मला पोचवायला आलेलं सगळं गाव. कपाशीतून थेट ओढ्यापर्यंत. जावयानं तिला धरली तेव्हा मी खाली बसलो. संपलं, म्हणालो. आता बाजार.

त्यानंतरचे दिवस तिच्या हंबरण्याकडे कान लावून काढले. ती हंबरली नाही. डॉक्टरनं तपासून सांगितलं, "गाभण आहे."

मी त्याला ती पळापळ सांगितली. हसला नाही, भला माणूस. म्हणाला, "बीज असं पडत नसतं, तात्या. अंडं यायच्या आधी ते तिथं पोचून तयार झालं पाहिजे, एवढंच. या वेळी वेळेवर आणलीत. मागं दोनदा बाजाराच्या दिवसाची वाट बघत बसला होतात."

घरी येऊन मंडळींना एकच शब्द सांगितला, राह्यली.

इतक्या दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं. "गाय ऱ्हाऊ द्या आता. आन त्ये तुमचे बांबूबी वापस देऊ नका. दोडक्याच्या मांडवाला बराबर लागतेत."

त्या साली दोडका भरपूर लागला. मी खाल्ला नाही.