उलटसुलट अक्षरं
नव्या प्लास्टिकचा वास आला की मला विश्रामबागेतल्या एका कॉलेजची कॉम्प्युटरची खोली आठवते. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, मी आठवीत होते. फोनच्या तारेनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर शाळाशाळांची विज्ञान प्रश्नमंजूषा होती, तारेच्या पलीकडच्या टोकाला पाचगणीची बोर्डिंग शाळा. चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, आणि गार फरशीवर माझे भेगाळलेले पाय मलाच दिसत राहिले. पडद्यावर प्रश्न आला, हवेत सगळ्यांत जास्त वायू कोणता? "नायट्रोजन," मी मागं उभ्या असलेल्या आमच्या विज्ञानाच्या सरांना ऐकू जाईल असं पुटपुटले. पण उत्तर टाइप करायचं होतं, आणि कीबोर्डवर एबीसीडी ओळीनं कुठंच नव्हती. मी घाबरून ओरडले, "आवं सर, ह्याची अक्षरं चुकीची बसवल्यात!" खोलीत जमलेल्या कॉलेजच्या पोरांत हशा पिकला. सरही कॉम्प्युटर पहिल्यांदाच बघत होते. ते वाकून बघत ठामपणे म्हणाले, "व्हय की! आवं, दुसरं मशीन द्या पोरीला." मग तर सगळे त्यांनाच हसले. तेवढ्यात वेळ संपली आणि पाचगणीचं उत्तर झळकलं. परतीच्या एसटीत मी रडत म्हणाले, "माझ्यापायी तुमाला हसले." सर म्हणाले, "हसू देत. उत्तर तुला आलं हुतं, मी ऐकलंय न्हवं?" पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली. आज परमुलखात कुणी शिकलेल्या माणसानं काही विचारलं, की येत असलेलंही तोंडातून निघत नाही. पण माझ्या बाजूनं चारचौघांत चुकायला एकदा कुणीतरी उभं राहिलं होतं, एवढं मनात धरून असते.