पालथं पातेलं

वाशीमच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं. केनवडला परतताना एसटीत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या खांद्यावर डोकं टेकून निजल्या होत्या. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला... त्या एसटीत मी ठरवलं होतं, घरी पोचले की देव पाण्यात ठेवायचे. पण आमच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला. सासरे आणि थोरले दीर आधीच गेलेले. आत्याबाईंनी देव्हाऱ्यातले देव पितळेच्या पातेल्यात बुडवले आणि पोरगा उठेपर्यंत बाहेर काढणार नाही असं त्यांना बजावलं. पोरगा उठला नाही. तेराव्यानंतर मी देव काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे तसेच. मले बुडवलं ना त्यायनं? बसा म्हना आता पान्यात."

पुढं माझा भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला. थोरल्या जाऊबाई धनज गावी पाट लावून, म्हणजे दुसरं लग्न करून, सुखात होत्या, त्यात वावगं काहीच नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, "तूही जाय व माय. माह्या घरावर देवाची वाकडी नजर हाय." मी म्हटलं, "दाळ शिजून राह्यली, मंग पाहू." संध्याकाळी भाऊ जेवला आणि एकटाच परतला. ती डाळ पुढं सात वर्षं शिजत होती म्हणायची! लोक विचारतात, का राहिलीस? मला त्या बाईचा लळा लागला होता, बस.

देव मात्र पाण्यातच. मी रोज सकाळी त्यांना न हलवता पाणी तेवढं बदलायची. शेजारणी म्हणत, काढून टाक ना. भांडण आत्याबाईंचं आणि देवांचं, मी कोण मध्ये पडणारी? पण शिळ्या पाण्यात तरी का ठेवायचं त्यांना... आत्याबाई बघायच्या आणि मान वळवायच्या.

दोन वर्षांनी मलाही तोच ताप आला. आत्याबाई पातेल्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पण देव आधीच पाण्यात, आता आणखी काय बुडवणार? मी खाटेवरून पाहत होते. त्यांनी एकेक देव बाहेर काढला, पदरानं पुसला, देव्हाऱ्यात ठेवला आणि दिवा लावला. "जितले तुमी. माहा राग संपला. इले राहू द्या," म्हणत त्या हंबरडा फोडून रडल्या. मी वाचले. इंजेक्शनांनी वाचले असेन, पण त्या दिवसापासून मी त्यांची लेक झाले.

म्हणूनच एसटीतून उतरल्यावर मी पातेलं भरायला घेतलं. आत्याबाईंनी खाटेवरून पाहिलं.

"पालथं घाल ते."

"आत्याबाई, एकडाव..."

"नको. मी जाईन, अन् मंग तू बसशीन भांडत. एका घरात एकच भांडखोर पुरे."

मी पातेलं पालथं घातलं. आठव्या दिवशी त्या गेल्या.

रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर बसले की राग येतो, खरंच येतो. हात पातेल्याकडं जातो... मग त्याच्या बुडावरची धूळ पुसते, ते तसंच पालथं ठेवते आणि दिवा लावते.