हातांनी दिलेलं नाव

आमच्या घरात बोलण्याची वाटणी झाली तेव्हा दादा बहुतेक रांगेत नव्हता, कारण त्याच्या वाट्याचंही सगळं माझ्याकडे आलं. मी त्याची धाकटी बहीण. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते आणि दिवसभर माइकवरून गाड्या पुकारते. दादा जन्मापासून ठार बहिरा. तो हातांनी बोलतो. आणि बोलतो म्हणजे काय विचारता! एकदा सुरू झाला की समोरच्याने चहा मागवून निवांत बसावं.

तो गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करतो. तिथे हातोड्यांचा असा दणदणाट असतो की बाकीचे कामगार संध्याकाळी डोकं धरून घरी जातात, हा मात्र ताजातवाना. पत्र्यावरून तळहात फिरवतो आणि पोचा कुठे राहिलाय ते बोटांनी शोधतो. वहिनीही बहिरी. दोघांची भांडणं बघण्यासारखी असतात. आपलं म्हणणं संपलं की वहिनी उठते आणि सरळ दिवा घालवते. आता अंधारात दादा काय डोंबल उत्तर देणार? झोपतो बिचारा मुकाट्याने.

या लोकांमध्ये कागदावरचं नाव चालत नाही. एखादा माणूस ओळखीचा झाला की त्याची खोड नाहीतर खूण बघून त्याला हातांनी करायचं नाव देतात. ते एकदा पडलं की पडलं, बदलून मिळत नाही, आणि हा हा म्हणता सगळ्या बहिऱ्या मंडळींत पोचतं. दादाचं नाव म्हणजे गालावरच्या खळीत बोट. वहिनीचं नाव कपाळावरची बट. माझं म्हणाल, तर तोंडापुढे बोटांची चोच करून उघड-मीट, उघड-मीट! मी खूप भांडले, दुसरं काहीतरी द्या म्हटलं. सगळे पोट धरून हसले आणि तेच कायम झालं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी दादा कामावरून चालत घरी येत होता. चौकात नाकाबंदी होती. मागून कुणीतरी "थांब" म्हणून ओरडलं. हा कसा थांबणार? पाठीत काठी बसली तेव्हा वळला, कानाला हात लावून मान हलवली आणि हातवारे करून सांगायला लागला की मला ऐकू येत नाही. इन्स्पेक्टरला वाटलं, किंवा वाटून घ्यायचंच होतं, की हा आपल्यावर हात उगारतोय. धरून ठाण्यात नेला. टेबलावर दोन्ही हात ठेवायला लावले आणि बोटांवर काठी चालवली. वर "बोल, बोल" म्हणत होता. ओठांवरून दादाला तेवढं कळलं. अरे मेल्या, तो ज्याने बोलतो तेच तर तू मोडत होतास!

दोन्ही हात प्लास्टरमध्ये गेले. जन्मभर बहिरा असलेला माझा दादा त्या दिवसांत पहिल्यांदा मुका झाला. वहिनी त्याच्यासमोर बसून बोलत राहायची आणि तो नुसता बघायचा. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि भरपूर रडून घ्यायची.

रडून झालं की ठाण्यात जाऊन भांडायची. तिथे एकच पालुपद: "कोण इन्स्पेक्टर? नाव सांगा." नाव कुठून सांगू? छातीवरची नावाची पट्टी त्याने आधीच काढून ठेवली होती. तिथला कॅमेरा नेमका त्या संध्याकाळी बंद. ठाण्यातल्या कुणालाच काही आठवत नव्हतं. आणि चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात तशातली गत, दादावरच केस! सरकारी कामात अडथळा आणला, पोलिसाच्या अंगावर धावून गेला. फिर्यादी म्हणून नाव भलत्याच एका शिपायाचं. ती सिद्ध झाली असती तर दादा तुरुंगात गेला असता. एक हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही तक्रार मागे घ्या, इकडची केसही मिटेल. फिट्टंफाट."

खरं सांगते, मी डगमगले. प्लास्टर निघालं तेव्हा दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली होती. मी त्याला म्हटलं, "जाऊ दे ना, मिटवून टाकू. यांच्या नादी कुठे लागतोस?" दादाने माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्या वाकड्या बोटांनी हळूहळू बोलला, "तो माझ्या ओळखीचा आहे. आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे." आणि त्याने एक नाव केलं. डाव्या मनगटावरून काहीतरी सोडवलं, ते छातीच्या खिशात टाकलं आणि खिशावर दोनदा थोपटलं.

मला ते नाव माहीत नव्हतं. "हा कोण?" म्हणून विचारलं, तर वहिनीच मध्ये पडली आणि सांगायला लागली. मारायला सुरुवात करण्याआधी हा माणूस घड्याळ काढून खिशात ठेवतो. किल्ल्यांचे जुडगे विकणाऱ्याला त्याने मारलं होतं, तेव्हाही तसंच. चपला शिवणाऱ्याला मारलं तेव्हाही तसंच. बसस्टँडवर कंगवे विकणाऱ्या म्हातारीचा हात पिरगाळला तेव्हाही तेच. तिघेही बहिरे. यातल्या कुणी तक्रार केली नव्हती, कारण ठाण्यात त्यांचं बोलणं कळणारं कोण होतं? म्हणून साहेब निर्धास्त होते. पट्टी काढली की आपलं नाव गेलं, अशी त्यांची समजूत. इकडे त्यांचं बारसं कधीच होऊन बसलं होतं!

मग मी कंबर कसली. सुट्टीच्या दिवशी ही सगळी मंडळी चहाच्या टपरीपाशी जमतात, तिथे जाऊन एकेकाच्या हातापाया पडले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी एक समिती आहे असं कळलं होतं. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. तिथे आमचा अर्ज गेला. समितीने त्या संध्याकाळी ड्यूटीवर असलेल्या इन्स्पेक्टरला बोलावलं, तर तो म्हणाला, मी या माणसाला हातही लावलेला नाही.

सुनावणीला मला दुभाषी होऊ दिलं नाही. मी बहीण पडले, आणि माझं तोंड बघून कुणीही तेच ठरवलं असतं. परगावच्या बहिऱ्यांच्या शाळेतून एक शिक्षिका बोलावल्या. त्या आमच्यापैकी कुणालाही ओळखत नव्हत्या. दादाने ते नाव करून दाखवलं तेव्हा त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "हे कुणाचं तरी नाव आहे. घड्याळ काढून खिशात ठेवणारा. कुणाचं ते मला माहीत नाही."

इन्स्पेक्टरचा वकील उसळला. "हे सगळं यांच्या बहिणीने पढवलंय!" मी बसल्या जागी नुसती धुमसत होते. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "मग वेगवेगळं विचारू." साक्षीदारांना निरनिराळ्या खोल्यांत बसवलं, मोबाइल काढून घेतले. तरी ही मंडळी समोरासमोरच्या खिडक्यांतून मजेत गप्पा मारतायत हे शिपायाला जरा उशिरा कळलं. बिचारा धावतपळत काचांवर वर्तमानपत्रं चिकटवत सुटला.

साक्षी मात्र पुन्हा पहिल्यापासून घेतल्या. साध्या कपड्यांत पोलिसांची एक रांग उभी केली होती, इन्स्पेक्टरही त्यातच. कुणाच्याही मनगटाला घड्याळ नव्हतं. किल्लीवाला आला, रांगेवरून नजर फिरवली, त्याच्यासमोर थांबला आणि मनगट सोडवून खिसा थोपटला. चपला शिवणारा आला, तोही त्याच्यासमोर थांबला आणि तेच केलं. वकील म्हणाला, "आधीच ठरवून आलेत." तेव्हा मी मुद्दाम राखून ठेवलेली, नुकतीच गाडीतून उतरून थेट आलेली कंगवेवाली म्हातारी आत आली.

म्हातारी दादाला मार बसण्याच्या कितीतरी आधी हे शहर सोडून लेकीकडे गेली होती. दादाची केस काय हे तिला ठाऊकही नव्हतं. मी फक्त निरोप धाडला होता, की ये, तुला कुणीतरी काहीतरी विचारणार आहे. ती रांगेपाशी आली, इन्स्पेक्टरला बघून दोन पावलं मागे सरकली आणि पदर तोंडाला लावला. मग हिय्या करून पुढे झाली. मनगट सोडवलं. खिशात टाकलं. दोनदा थोपटलं.

आणि रांगेच्या टोकाला उभा असलेला तो फिट्टंफाटवाला हवालदार एकदम बोलला, "बरोबर आहे, मॅडम. साहेब घड्याळ काढून ठेवतात. काच फुटू नये म्हणून." त्याच्या तोंडून ते कसं निघालं देव जाणे. इन्स्पेक्टरने त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघितलं, पण आता काय उपयोग?

निकालाच्या दिवशी सगळी बहिरी मंडळी हजर होती, बसायला जागा नव्हती. इन्स्पेक्टरला निलंबित करा, त्याच्यावर मारहाणीचा गुन्हा नोंदवा, दादावरची केस खोटी आहे, ती मागे घ्या, असा समितीचा आदेश. शिक्षिकाबाईंनी ते हातांनी सांगितलं मात्र, सगळ्यांचे हात वर गेले आणि पंजे थरथरायला लागले. त्यांच्या टाळ्या अशाच असतात. भरलेल्या खोलीत हातच हात, आणि आवाज कसलाच नाही. शिपाई सवयीने ओरडला, "शांतता राखा!" मी एवढ्या मोठ्याने हसले की अध्यक्षबाईंनी मलाच डोळे वटारले. हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

मग अध्यक्षबाईंनी दादाला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

दादा उठला. इन्स्पेक्टरच्या समोर जाऊन उभा राहिला, हात वर केले आणि तसाच थांबला. इन्स्पेक्टर मान खाली घालून बुटांकडे बघत होता. बराच वेळ गेला. दादा जागचा हलेना.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

शिक्षिकाबाईंनी दादाला हातांनी विचारलं, त्याचं उत्तर बघितलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतात, समोरचा बघत नसेल तर आमच्यात बोलत नाहीत. यांनी माझ्याकडे बघितलं की मी सुरुवात करतो."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वर बघा."

त्याने वर बघितलं, आणि माझा दादा त्या वाकड्या बोटांनी बोलायला लागला. घाई अजिबात नव्हती त्याला. मध्येच इन्स्पेक्टरची नजर खाली गेली की दादा थांबायचा, हात तसेच हवेत धरून वाट बघायचा, आणि अध्यक्षबाई पुन्हा म्हणायच्या, "वर बघा."