बॉबिनची ट्रायल

टेलरमास्तरांच्या दुकानातून ट्रायल घेतल्याशिवाय कपडा कधी बाहेर पडला नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कच्च्या शिलाईच्या कोटात त्याला आरशासमोर उभं राहावंच लागे. हात वर करा, खाली बसा, मागे वळा. आपल्या तांबूस कुत्र्याच्या, बॉबिनच्या बाबतीत मात्र मास्तरांचा सगळा कारभार अंदाजपंचे.

बागेमागच्या मैदानात कुत्र्यांना मोकळं सोडायला परवानगी होती. फाटकावर पाटी होती: हाकेला येत असेल तरच सोडा. दुकानात बॉबिन हाकेसरशी मशीनखालून बाहेर येई. तेवढ्यावर मास्तर निर्धास्त.

मैदानाच्या कडेने शेजारच्या नर्सबाई काठी टेकत चालत. जन्मभर दुसऱ्यांना उभं केलेल्या बाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून स्वतःच नव्याने चालायला शिकत होत्या. एका सकाळी बॉबिन त्यांच्याकडे सुसाट सुटला. मास्तरांनी हाका मारल्या, पण त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने उडी घेतली, बाईंची काठी सुटली, झाडाचा आधार सापडला म्हणून त्या वाचल्या. मास्तर लांबूनच हसत म्हणाले, "घाबरू नका हो, काही करत नाही तो."

त्यानंतर बाई दिसेनात. मास्तरांच्या बायकोने बातमी आणली, की त्या आता घरातच खाटेपासून खिडकीपर्यंत जातात, आणि चालणं असंच सुटलं तर पाय आखडेल असं डॉक्टर म्हणतात. वर तिने टोलाही हाणला, "अहो, बाहीचीसुद्धा ट्रायल घेता. बॉबिनची घेतली होती का?"

मास्तर बाईंकडे गेले. त्यांनी माफी मागितली, मग कुत्र्याच्या गरीब स्वभावाचे गोडवे गायले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"कुत्रं गुणीच आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटली ती तुम्ही हसलात त्याची."

ते जिव्हारी लागलं. मास्तरांनी उरलेल्या जाड पट्ट्या जोडून, दुहेरी टीप मारून लांबलचक दोरी शिवली. मैदानाच्या रिकाम्या कोपऱ्यात बॉबिनला दूर जाऊ द्यायचं, हाक मारायची, आला की बिस्किटाचा तुकडा. एखादी खार दिसली की सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण उसवून पुन्हा शिवण्यात मास्तरांचा जन्म गेला होता. दोरीशिवायही तो येऊ लागला, तेव्हाच त्यांनी बाईंना निरोप धाडला.

बाई आल्या तेव्हा बॉबिन दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती करत होता. फाटकात काठी दिसताच मास्तरांनी हाक दिली. बॉबिन थबकला. त्याने काठीकडे पाहिलं, शेपटी हलवली. मग तो वळला आणि काहीशा नाराजीनेच त्यांच्या पायाशी आला. त्यांनी पट्टा अडकवला.

बाई कडेकडेने चालत त्यांच्यापाशी पोचल्या, पण थांबल्या नाहीत.

"आज हसला नाहीत," जाता जाता म्हणाल्या.

"ट्रायल चालू आहे, बाई."

त्यांनी आणखी एक फेरी घेतली. ती पुरी होईपर्यंत मास्तर पट्टा मुठीत धरून उभे होते.