मी अडखळत वाचलेली कविता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — त्याला कवितेतलं काही कळत नाही, हे निमित्त मला बरं पडलं. तुम्हाला कळेल, म्हणून सांगते.

नॉर्वेला जाऊन नॉर्दर्न लाइट्स मी पाहिले. मी! बर्फात उभी राहून, दातावर दात वाजत असताना. आभाळ हिरवं झालं आणि छातीत कुठेतरी ऊब आली — का, ते कळलं नाही. मुलुंडला परतल्यावर त्यावर लिहायला बसले. आमच्या कवितामंडळात वृत्तं तपासायचं काम माझ्याकडे. गण, मात्रा, यमक सगळं तोंडपाठ. पण एक ओळ धड होईना.

मीनल माझी शाळेपासूनची मैत्रीण, भांडुपला राहते. तिने ते लाइट्स पाहिले कुठे? माझ्या सोफ्यावर, माझ्या मोबाइलमध्ये, माझाच चिवडा खात! आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीला बाई कविता घेऊन हजर —

कुणी पाजले रंग काळ्या नभाला
हिवाच्या उरी ऊब आली कशाला

ऊब! ती तर मी तिला सांगितलीच नव्हती. मग तिला कुठून मिळाली? मनातल्या मनात गण पाडले — भुजंगप्रयात, लघु-गुरु जागच्या जागी. यमकही सहज आलेलं, ओढूनताणून आणलेलं नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

"तूच वाच ना गं मोठ्याने. तू वाचलंस की चुका कळतात," ती म्हणाली.

वाचली मी. पण कशी? — लघु अक्षरं ताणली, गुरु गिळली, भलत्याच जागी थांबले. चांगली चालती कविता लंगडी करून दाखवली. वर म्हटलं, "भाव आहे गं, पण वृत्त काही सांभाळलं नाहीस." सगळ्यांनी माना डोलावल्या. वृत्ताच्या बाबतीत माझ्यापुढे कोण बोलणार?

"वाट लावली ना मी? बरं झालं यार, तू होतीस," म्हणत मीनल हसली आणि तिने कागद फाडून पर्समध्ये टाकला. त्यानंतर तिने कविता केली नाही. मंडळात अजून येते — चहाचं बघते, माझ्या कवितेला सगळ्यांत आधी टाळ्या वाजवते.

तिला आता ती कविता आठवत नाही. मी एकदा सहज विचारल्यासारखं करून खात्री करून घेतली. मला मात्र त्या एका वाचनातच सगळी पाठ झाली. पोळ्या लाटताना आपोआप तोंडात येते, एकाही अक्षराला न अडखळता.

मीनल घरी आली की मी गुणगुणणं थांबवते.