उदबत्तीचं वेल्डिंग

लॉकडाऊनमध्ये मी आयटीआयचं वेल्डिंग मोबाईलवर शिकवायचो. वर्कशॉपला कुलूप, म्हणून मुलांना पेटती उदबत्ती विटांच्या सांध्यावरून फिरवायला लावायचो. वेल्डिंगच्या रॉडसारखीच ती जळत आखूड होते, हात हळूहळू खाली आणावा लागतो.

वाटूरच्या एका मुलीचा फक्त हात पडद्यावर दिसे. हिरव्या बांगड्या, स्थिर बोटं.

"सर, देवाच्या उदबत्त्या संपवल्या म्हून आई भांडून राह्यली. खरी ठिणगी कधी दिसंल?"

"वर्कशॉप उघडलं की पहिली तुलाच."

उघडण्याआधीच मी निवृत्त झालो. जाताना सगळ्यांना पास केलं. तिलाही, ठिणगी न दाखवताच.

अजूनही नवीन जालन्यात वेल्डिंगच्या दुकानापुढे माझे पाय थांबतात. वेल्डिंगच्या मुखवट्याच्या काचेमागचा चेहरा मला ओळखू येणार नाही. मी हात बघतो.