नानाकाकांचा सत्कार आणि दोन फाटकं

“जज झाला म्हणून काय झालं? भिंत घातलीच ना आडवी,” आत्या चुलीपुढे शेजारणीला सांगत होती. मी कांदा चिरत होते आणि नेहमीप्रमाणे गप्प होते.

आमच्या घराण्याने आजवर एकच मोठा माणूस घडवला आहे, आणि त्यातही घराण्याचा काही हात नाही. बाबांचे चुलतभाऊ नानाकाका हायकोर्टाचे न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले आणि मुरबाडजवळच्या आमच्या गावात, वाटणीच्या जमिनीवर बंगला बांधून मोकळे झाले. बंगल्याभोवती भिंत, भिंतीला पुढे-मागे फाटक, दोन्ही फाटकांना कुलूप. आमचं शेत आणि खळं मागच्या फाटकापलीकडे! टेम्पोने भात घरी आणायची जुनी वाट बंगल्याच्या आवारात गेली. उरला ओढ्यातून वळसा, तोही डोक्यावर गोणी घेऊन. आणि भात तर कापणीला आलेलं.

काकांना सरळ सांगा, असं मी बाबांना सुचवलं. बाबा दचकले.

“मोठ्या माणसाला आसं तोंडावर मागायचं नसतं गो. पहिला त्याचा मान करायचा.”

“मान केल्यावर मागायचं?”

“नाय! मग लोक बोलतील, मागायचं होतं म्हणून शाल दिली.”

(माझ्या इंग्रजी शाळेत हा धडा नव्हता.)

शेवटी बाबांनीच तोडगा काढला. सत्कार खळ्यावरच ठेवायचा. काका ओढ्यातून येतील, चिखल बघतील आणि न मागता समजतील. जन्मभर पुरावे तपासलेला माणूस तो! आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं, कारण मी दोन वाक्यांत आटपेन याची सगळ्यांना खात्री होती.

ज्याच्या खिशात दोन्ही किल्ल्या आहेत तो ओढ्यातून कशाला येईल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सत्काराच्या दिवशी बाहेरगावाहून परतलेली काकांची गाडी पुढच्या फाटकातून आत शिरली आणि मागच्या फाटकातून थेट खळ्यावरच्या मांडवासमोर येऊन थांबली. इमानी वॉचमनने मागोमाग कुलपं लावली. ढोल, शाल, नारळ आणि काकांना वाजतगाजत ओढ्यातून न्यायला जमलेलं अख्खं गाव पुढच्या फाटकाबाहेर! खळ्यावर स्वागताला बाबा, मी आणि रिकाम्या खुर्च्या. वॉचमन म्हणे नियमाला पक्का होता. सामान फाटकावरून आत घेईन, माणसं घेणार नाही. त्यामुळे शाल आणि नारळ बंगल्यातून ऐटीत आले आणि गावकरी ओढ्यातून, गुडघ्यापर्यंत भिजून. आत्या तर रागाने फाटकाशीच बसून राहिली.

काकांनी भिजलेल्या लोकांकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाले, “रस्ता फार छान आहे हो तुमच्या खळ्याला.” मग मला विचारलं, “कितवीत आहेस?” (मी दोन वर्षं शहापूरला नोकरी करते आहे.)

मग भाषण. लहानपणी ते अनवाणी शाळेत जात. कुठल्या वाटेने, ते त्यांनी सांगितलं नाही. ती वाट आता त्यांच्या लॉनखाली आहे. त्यानंतर वकिली, मग जिल्हा न्यायाधीश, मग हायकोर्ट. प्रत्येक बढती त्यांनी नाइलाजाने स्वीकारली होती. हायकोर्टापर्यंत पोचता पोचता माईक बंद पडला. काकांना फरक पडला नाही. ते आता सगळ्यात गाजलेल्या निकालावर आले होते. कुठल्याशा धनिकाने गावकऱ्यांची वाट अडवली होती.

“मी लिहिलं,” काका बोट वर करून म्हणाले, “वहिवाट भिंतीने मरत नाही!”

खळ्यावर ओल्या पँटी निथळत होत्या. मी बाबांकडे पाहिलं. आता तरी बोलतील! बाबा उठले आणि सगळ्यात जोरात टाळ्या वाजवू लागले.

मग माझं नाव पुकारलं गेलं. पाठ केलेली दोन्ही वाक्यं बाबांच्या टाळ्यांनी पुसून टाकली होती. मी माईकसमोर उभी राहिले आणि जे मनात होतं ते पुटपुटले. वायरमनने वायर नेमकी त्याच क्षणी जोडली आणि माझा आवाज पार पुढच्या फाटकाशी बसलेल्या आत्यापर्यंत गेला. गावात अजून माझ्या धाडसाचं कौतुक होतं. माझं धाडस एवढंच, की माईक बंद आहे अशी माझी खात्री होती.

“आभारी आहे, नानाकाका. निकाल तुमचाच आहे, तर जाताना दोन्ही फाटकांच्या किल्ल्या इथे ठेवून जा.”